ठेवणीचा दगड

मी बारावीला होते त्या वर्षी, शिमग्याला आठ दिवस उरले असताना, आमच्या घरचा गॅसचा सिलिंडर टेपाडाच्या पायथ्याशी पाच दिवस पडून राहिला. तो भरलेला होता. त्याच्यावर आमच्या घराची खूण होती. त्या पाच दिवसांत पायथ्याच्या दगडावरून तांदळाची पोती वर गेली, एक शिलाई मशीन गेलं, कोणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकांचा गठ्ठा गेला. सिलिंडर जागचा हलला नाही. सहाव्या दिवशी सकाळी सातच्या सुमाराला तो आमच्या अंगणात आला.

टेपाड म्हणजे वाशिंद स्टेशनपासून चालत वीसेक मिनिटांवरची आमची वस्ती. आज तिच्या कमानीवर एक भारदस्त नाव रंगवलं आहे आणि पुढे नगर असा शब्द आहे. तिथे राहणारं कोणी ते नाव घेत नाही. रिक्षावाल्यालाही टेपाडच सांगावं लागतं. कारखाने सुरू झाले तेव्हा मुरबाड आणि शहापूरच्या गावांतून माणसं कामाला आली आणि त्यांना राहायला जागा हवी झाली. सपाटीवर सगळी भाताची खाचरं होती. खाचरात घर बांधू द्यायला तेव्हा कोणी तयार नव्हतं. टेपाडावर खडक आणि करवंदाच्या जाळ्या होत्या, तिथे कोणाचा नांगर जात नव्हता, म्हणून ते मिळालं. ज्यांना ते मिळालं त्यातली बरीच माणसं डोंगरातल्या वाड्यांवरची होती. माझे बाबा सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतले. चढावर घर बांधायचं म्हणजे काही वेगळं करायचं, असं त्यांना वाटलंच नाही. पहिलं घर कोणाचं, याबद्दल टेपाडावर दोन मतं आहेत. मी दोन्हीकडे विचारून पाहिलं आहे. पुरावा कोणाकडेच नाही. एवढं नक्की की पहिली घरं मध्यावर झाली, कारण पायथ्याशी पावसात पाणी भरायचं. बाबा उशिरा आले. त्यांना सगळ्यात वरची जागा उरली होती.

टेपाडावर गाडी जाईल असा रस्ता नव्हता. पायऱ्या होत्या, आणि त्या कोणी एकाने बांधलेल्या नव्हत्या. ज्याचं घर, त्याने आपल्या दारापुढच्या पायऱ्या करायच्या. त्यामुळे कुठे वीतभर उंचीची पायरी, कुठे गुडघ्याएवढी, कुठे कडाप्पा, कुठे नदीतला गोटा. आम्ही पोरं त्या न बघता चढायचो. पाहुणा आला की तिसऱ्या घराशी हमखास ठेचकाळायचा आणि त्या घरातून आवाज यायचा, ‘आला गो कोणाचा तरी पाव्हणा.’

पायथ्याशी आंब्याखाली एक सपाट दगड होता. त्याला ठेवणीचा दगड म्हणायचे. बाजारातून, स्टेशनवरून, कारखान्यातून आलेलं जड सामान माणूस त्याच्यावर ठेवून मोकळा व्हायचा. टेपाडाचा नियम एकच होता: रिकाम्या हाताने चढायचं नाही. जो कोणी वर निघेल त्याने दगडावरचं काहीतरी उचलायचं, आपल्या घरापर्यंत न्यायचं आणि आपल्या ओट्यावर ठेवायचं. त्याच्याही वर राहणारा कोणी मागून आला की तो तिथून उचलायचा. असं सामान ओट्या-ओट्याने वर सरकत जायचं. वाटेत किती हात लागले हे कोणी विचारत नसे. कोणाचं सामान हे कळावं म्हणून प्रत्येक घराची खूण होती. बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं, म्हणून नावांऐवजी चित्रं. कोणाचा कोयता, कोणाची फणी, दामूकाकांच्या घराचं कासव. आमची खूण म्हणजे चुलीचे तीन दगड: कोळशाने काढलेले तीन ठिपके. बाबांनी दिवाळीत घेतलेला लोखंडी पलंग असाच तीन ठिपके मिरवत आला. चारही पाय वेगवेगळ्या दिवशी पोचले.

सामान खालून वर यायचं आणि पाणी वरून खाली जायचं. ग्रामपंचायतीने आमच्या घरापलीकडे, टेपाडाच्या माथ्यावरच्या खडकात, सिमेंटची टाकी बांधली होती. खालच्या विहिरीवरच्या मोटारीने ती संध्याकाळी भरायची. सकाळी सहाला चावी सोडायची, साडेसातला बंद करायची, हे काम सगळ्यात वरच्या घराचं, म्हणजे आईचं. ती त्या आधी उठून चूल पेटवायची, तांदळाचं पीठ उकडायला ठेवायची आणि अंगण ओलांडून टाकीकडे जायची. चावीचं लोखंडी चाक कुरकुरायचं. मग नळातून आधी हवा फुसफुसायची, आणि पाण्याचा आवाज उतरायला लागायचा. अंथरुणात पडल्या पडल्या मला कळायचं पाणी कुठवर गेलं ते. आमच्या खालची ठमाकाकी पितळी हंडा लावायची, त्याचा आवाज भरीव. तिच्या खाली प्लास्टिकची बादली. त्याच्याही खाली दामूकाकांची आई दात घासताना खाकरायची. पायथ्याच्या घरापर्यंत पाणी पोचेतो आईच्या दोन भाकऱ्या भाजून व्हायच्या. भाकरीबरोबर सुकट किंवा वालाचं बिरडं, रविवारी मासळी. पुढे चाळीस वर्षं मी ज्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत काम केलं तिथे सकाळ चहाच्या गाड्यावर सुरू व्हायची. तरी आजही सहाला जाग येते आणि मी काही क्षण पाण्याचा आवाज शोधते.

टाकी महिन्यातून एकदा आईच घासायची. आत उतरायची, नारळाच्या काथ्याने तळ घासायची. तळात एक केसाएवढी चीर होती. ती तिने दोनदा सिमेंटने बुजवली. दोन्ही वेळा ती परत दिसायला लागली. टाकीपासून पाच-सहा हातांवर, आमच्या अंगणाच्या कडेला खडकाचा मोठा उंचवटा होता. त्याच्या पोटावर एक बारीक रेघ होती आणि त्या रेघेवर चैत्र-वैशाखातही शेवाळ हिरवं असायचं. आई म्हणायची, ही दोन्ही एकच. मी ऐकून सोडून द्यायचे.

त्या वर्षी टेपाडाला रस्ता मंजूर झाला. मागच्या बाजूने वळत वळत माथ्यापर्यंत. सगळ्यात जास्त खटपट दामूकाकांनी केली होती. ते कारखान्यात तिसऱ्या पाळीला असायचे आणि दिवसा झोपायच्या ऐवजी पंचायतीत बसायचे. त्यांची आई खुब्याचं हाड मोडून घरात पडली होती. काठी धरून ओट्यापर्यंत यायची, पण पायऱ्या उतरणं तिला शक्य नव्हतं. दोन वर्षं ती टेपाडावरून खाली आली नव्हती. एकदा तिला झोळीत घालून दवाखान्यात नेताना एका खांदेकऱ्याचा पाय घसरला. त्यानंतर ती झोळीत बसायला तयार होईना. ती मुरबाडकडच्या म्हसा गावची होती. हिवाळ्यात तिथली बैलांची जत्रा आली की ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची, ‘बैल आले का रे या साली? घोंगड्या कशा हायेत?’ दामूकाकांना रस्ता का हवा होता हे टेपाडावर प्रत्येकाला माहीत होतं. आईलाही.

आमच्या अंगणाकडेचा खडक रस्त्याच्या आड येत होता. तो सुरुंगाने उडवायचा असं ठरलं. खडक आमच्या घराला लागून, घर आईच्या नावावर, म्हणून तिची सही हवी होती. आंब्याखाली बैठक झाली तेव्हा आई उठून म्हणाली, ‘सुरुंग लावलात तर टाकी जाईल. खडक आणि टाकीचा तळ एकच हाय.’ ठेकेदाराचा माणूस हसला. त्याने सांगितलं की टाकी वेगळी, खडक वेगळा, शेवाळ पावसाच्या ओलीचं आहे. तो पँट-शर्टात होता आणि त्याच्या हातात नकाशा होता. लोकांनी त्याचं मानलं. आईने सही केली नाही.

मग टेपाडावर बोलणं सुरू झालं. वरच्यांना अंगण सोडवत नाही. वरच्यांना चावीची सवय झाली, रस्ता झाला तर मान जाईल. आठवडाभराने आमचा सिलिंडर आला. बाबांनी तो सायकलवरून आणून नेहमीसारखा दगडावर ठेवला, तीन ठिपके काढले आणि हातातली बाजाराची पिशवी घेऊन वर आले. संध्याकाळपर्यंत तो वर यायला हवा होता. आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मी क्लासवरून येताना पाहिलं: दगडावर तो एकटाच होता, आजूबाजूचं सगळं उचललेलं. त्याच्या बाजूला कोणाची तरी कोंबडी बसली होती.

मी तो उचलायला वाकले, पण मला हलेना. घरी सांगितल्यावर बाबा म्हणाले, ‘मी आणतो, त्यात काय!’

‘कोणी हात लावायचा नाय,’ आई म्हणाली. ‘आपण उचलला तर आपण टेपाडाचे नाय, असं आपणच बोललो.’

‘मग किती दिवस?’ बाबांनी विचारलं.

‘त्यांना जेवढे पायजेत तेवढे.’

चूल होतीच. आई तिन्ही वेळचं चुलीवर करायला लागली. मी विचारलं, पाणी सोडायचं थांबवायचं का? एक दिवस बंद ठेवलं तर सिलिंडर पळत वर येईल. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, ‘पाण्याचं नि त्याचं काय? दामूच्या आईला तहान लागत नाय का?’ त्या पाच दिवसांत चावी रोज सहालाच फिरली. हे मी खात्रीने सांगू शकते, कारण मी रोज जागी होते.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी दुकानातून निळीच्या तीन पुड्या आणल्या. पांढऱ्या कपड्यांना घालायची नीळ. टाकी भरत आली होती. विचार असा होता की एक पुडी चिरीपाशी टाकायची. आईचं खरं असेल तर खडकाच्या रेघेत निळं पाणी येईल. एक टाकली. पाण्यात ती कुठे गेली ते दिसेना, म्हणून दुसरी टाकली. मग खात्री असावी म्हणून तिसरी. झाकण लावलं आणि रेघेपाशी बसले. अंधार पडेपर्यंत शेवाळ हिरवंच होतं. आईला सांगितलं असतं तर तिने टाकू दिलं नसतं, म्हणून सांगितलं नव्हतं. सकाळी पाण्याला रंग उरणार नाही, असं मी गृहीत धरलं. पुढे नोकरीत पहिल्याच महिन्यात मला वरिष्ठांनी सांगितलं की गृहीत धरलेलं छापायचं नाही. मला ते आधीच माहीत होतं.

सकाळी सहाला चाक कुरकुरलं. पाणी ठमाकाकीच्या हंड्यात पडलं, तिच्या खालच्या बादलीत पडलं, आणि नेहमी ज्या जागी दामूकाकांच्या आईचं खाकरणं ऐकू यायचं तिथे दामूकाकांच्या बायकोचा ओरडा आला. मग त्याच्या खालून. मग त्याच्याही खालून. ओरडा पाण्याबरोबर उतरत पायथ्यापर्यंत गेला. आईने चावी बंद केली तेव्हा उशीर झाला होता. कोणाचं भाकरीचं पीठ निळं झालं होतं. कोणाच्या दुधात पाणी गेलं होतं. कोणी म्हणालं वरच्यांनी रंग टाकला, सूड म्हणून टाकला, शिमगा तोंडावर आहे म्हणजे उद्या सांगतील गंमत केली.

वाटेवर पावलं वाजायला लागली. एकेक घर मागे सामील होत होतं. सगळ्यांच्या पुढे दामूकाका होते. तिसरी पाळी संपवून ते नुकते स्टेशनवरून आले होते. पायथ्याशी बायांनी त्यांना निळं पाणी दाखवलं, आणि ते घरीही न थांबता थेट आमच्याकडे निघाले. हे मी नंतर तिघींकडून वेगवेगळं पडताळून घेतलं. तिघींचं म्हणणं एकच आहे.

ते अंगणात आले. चेहरा लाल, धाप लागलेली. त्यांनी तोंड उघडलं आणि आमच्याकडे बोट रोखायला हात उचलला, तर हात मोकळा नव्हता. खांद्यावर आमचा सिलिंडर होता.

ठमाकाकी कमरेवर हात ठेवून पुढे झाली. ‘काय रे दामू, भांडायला आलास का गॅस पोचवायला?’

दामूकाकांनी मान वळवून खांद्याकडे पाहिलं. तीन ठिपके लागून त्यांचा गाल काळा झाला होता. ‘हा दगडावर व्हता,’ ते म्हणाले.

‘पाच दिस दगडावरच हाय तो. तूच बोलला व्हतास, कोणी उचलू नका.’

‘दुसरं काय नव्हतंच तिथं. रिकाम्या हाताने चढू का मग?’

मागून कोणीतरी हसलं. मग दोघं हसले. दामूकाकांनी सिलिंडर खाली ठेवला तेव्हा त्याचा ठण्ण आवाज झाला आणि त्यांना आपण कशाला आलो ते आठवलं. ‘हसता काय? पोराबाळांच्या तोंडात रंग घालतात ही माणसं!’

‘मी टाकला,’ मी म्हणाले. ‘नीळ आहे. आईला माहीत नव्हतं.’

आईने माझ्याकडे पाहिलं. ती नजर अजून लक्षात आहे. मी बोलत राहिले, कारण थांबले असते तर रडले असते. चिरीचं सांगितलं, शेवाळाचं सांगितलं, आणि सगळ्यांना खडकाकडे घेऊन गेले. तिथे काय असेल ते मला ठाऊक नव्हतं. संध्याकाळनंतर मी तिकडे गेलेच नव्हते.

रेघ निळी होती. खडकाच्या पोटावरून टाकीच्या बाजूने सरळ आली होती, आणि तिच्या टोकाशी खडकाच्या खळग्यात निळं पाणी साचलं होतं. एखाद्या बशीत मावेल एवढंच. दामूकाका खाली बसले. त्यांनी बोट बुडवून पाहिलं, टाकीकडे पाहिलं, मधलं अंतर नजरेने मोजलं. मग म्हणाले, ‘म्हणजे सुरुंग लावला असता तर...’

‘टाकी गेली असती,’ आई म्हणाली. ‘त्या दिवशी बोलले तवा हसलात.’

‘मी नाय हसलो.’

‘तू हसला नाहीस. पण सिलिंडर तूच थांबवलास.’

खाली दामूकाकांच्या ओट्यावरून त्यांची आई हाका मारत होती: काय झालं, कोणी सांगेल का मला?

‘रस्ता मला पण पायजे दामू,’ आई म्हणाली. ‘तुझी आई आधी माझ्याकडे यायची, बिरड्याच्या दिवशी. आता मी डबा पाठवते, पण ती यायची. खडक छिन्नीने फोडा. उशीर लागेल. पण पाणी राहील. मी आजच सही करते, छिन्नी लिहा.’ एवढं बोलून ती सिलिंडरकडे वळली. ‘बसा आता. चहा ठेवते. गॅस आलाय.’

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत टेपाडाला पाणी नव्हतं. आईने टाकी रिकामी केली आणि घासायला मला आत उतरवलं. माझे हात आणि घोटे पुढे चार दिवस निळे होते. परीक्षेला मी तशीच गेले. त्या शिमग्याला माझ्यावर कोणी रंग टाकला नाही, गरज नाही म्हणाले. टेपाडावरची माझ्या वयाची माणसं अजून मला ‘निळे’ अशीच हाक मारतात.

सुधारलेल्या कागदावर आईने सही केली. ठेकेदाराच्या माणसाला ते आवडलं नाही, पण टेपाडाने त्याला पुन्हा आंब्याखाली बसवलं. या वेळी सगळे आईच्या बाजूने बोलले. खडक छिन्नी-घणाने फुटायला पावसाळ्याच्या तोंडापर्यंत वेळ लागला. तोपर्यंत टेपाडावरची सकाळ घणाच्या आवाजाने सुरू व्हायची. फुटलेला दगड वाया गेला नाही. खाली उतरणारा प्रत्येक जण एक तुकडा घेऊन उतरला आणि रस्त्याच्या कडेची भिंत त्यातूनच झाली. रस्ता टाकीला वळसा घालून गेला. त्यामुळे माथ्यावर एक विचित्र वळण आहे, तिथे नवखा रिक्षावाला हमखास रिक्षा बंद पाडतो. दामूकाकांची आई दिवाळीनंतर टेम्पोतून टेपाड उतरली. त्या हिवाळ्यात ती म्हशाच्या जत्रेला गेली. तिथून तिने आईसाठी एक घोंगडी आणली. ती माझ्याकडे आहे.

रस्ता झाल्यावर बरंच बदललं. जड सामान आता गाडीने मागच्या बाजूने वर जातं. सिलिंडर दारात येतो. टेपाडावर तीन मजली घरं झाली आहेत आणि त्यांतल्या भाडेकरूंना खुणा माहीत नाहीत. पायऱ्या अजून आहेत, उंची अजून वेगवेगळी आहे. जुनी टाकी वापरात आहे. चावी आता ठमाकाकीच्या नातीकडे आहे, कारण आईला चाक फिरवायला जड जातं. ती नव्वदीकडे आली आहे. पाणी सहालाच येतं.

मागच्या महिन्यात मी गेले तेव्हा रिक्षा पायथ्याशीच सोडली. आंब्याखालच्या दगडावर एक पत्र्याचा डबा होता, गिरणीतून आलेला, अजून कोमट. झाकणावर कासव होतं, कोळशाऐवजी मार्करने काढलेलं. मी तो उचलला, मध्यावर थांबून दामूकाकांच्या ओट्यावर ठेवला आणि वर गेले.

आई अंगणात सुपात वाल घेऊन बसली होती. मला पाहून तिने आधी हातांकडे पाहिलं.

‘रिकामी आलीस?’

‘कासवाचा डबा होता. ठेवला त्यांच्या ओट्यावर.’

‘दगडावर अजून काय होतं?’

‘काही नाही.’

तिने सूप माझ्या बाजूला सरकवलं. आम्ही दोघी वाल सोलायला लागलो.